पेन्सिलीचा गोल

प्रमिला फेगडे यांनी आयुष्यात दोन गोष्टींवर कधीच पुरता विश्वास ठेवला नाही: सरासरीवर आणि फुकटच्या चहावर. त्यामुळे तापीखोरे विद्यापीठाच्या अध्यापक साहाय्य केंद्रात डॉ. तन्वीर पिंजारीने स्वतः उठून त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि शेजारी नानकटाईची बशी सरकवली, तेव्हा त्या मनात म्हणाल्या, आता हा काहीतरी मागणार.

"काही मागणार नाहीये, मॅडम," तन्वीर हसला. तो त्यांचाच विद्यार्थी, त्यामुळे त्यांच्या कपाळावरची आठी त्याला वाचता यायची. "मागायचं ते दोन वर्षांपूर्वीच मागून झालं. आता फक्त दाखवायचंय."

दोन वर्षांपूर्वी त्याने त्यांचे हजेरीपट मागितले होते. चौतीस वर्षं त्यांनी याच विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवलं आणि दरवर्षीचा हजेरीपट खाकी कव्हर घालून जपून ठेवला. तो काळच वेगळा होता. रेल्वेरुळाच्या तुकड्याची घंटा व्हायची, उन्हाळ्यात बाक इतके तापायचे की मुलं वह्या खाली घालून बसायची. बाकीचे प्राध्यापक नुसती हजर-गैरहजर अशी खूण करत. प्रमिलाबाई कोणाला कधी प्रश्न विचारला, त्याची बारीक रेघ काढत, परीक्षेचे गुण लिहीत आणि समासात दोन-दोन शब्द टाकत. 'उपाशी येतो.' 'बस सव्वाची.' 'आवाज कापतो.' एवढे तपशील दुसऱ्या कोणाकडेच नव्हते. निवृत्तीनंतर अकरा वर्षांनी ते कोणाला तरी हवेसे वाटले, म्हणून त्यांनी फारशी चौकशी न करता दिले. ती चौकशी करायला हवी होती, असं आता त्यांना वाटत होतं.

"त्यातून 'सोबत' तयार झाली," तन्वीर म्हणाला. "सगळ्या वर्गांत लागलीय. चार दिवस आमच्या केतकी झोपे मॅडमच्या तासाला बसा. शुक्रवारी छोटा समारंभ आहे, दोन शब्द बोला."

"म्हणजे मागितलंसच."

"नानकटाई तरी घ्या!"

'सोबत' म्हणजे काय, ते तन्वीरने नीट समजावून सांगितलं. माणूस घाबरला की त्याचा आवाज कापतो, पण ते आपल्या कानाला फार उशिरा कळतं. त्याआधीच स्वरतंतूंवरचा ताबा किंचित ढळलेला असतो, आणि ती थरथर मायक्रोफोनला टिपता येते. हृदयाच्या दर ठोक्याला चेहऱ्याच्या कातडीचा रंग पुसटसा बदलतो. डोळ्यांना तो फरक दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो, आणि त्यावरून लांबूनच नाडी मोजता येते. वर्गात चौसष्ट मुलं. कोणाच्या घरी अहिराणी, कोणाच्या पावरी, कोणाच्या उर्दू, कोणाच्या गोरमाटी. नव्या प्राध्यापकाला ती ओळखीची व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, तोवर मुलं पदवी घेऊन किंवा न घेता निघून जातात. 'सोबत' शिक्षकाच्या कानातल्या मण्याएवढ्या यंत्रातून हळूच सांगते: तिसऱ्या रांगेला कळलेलं नाही, उदाहरण बदला. खिडकीजवळच्याला फळा दिसत नाहीये.

"आणि जात, गाव, नाव?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"काहीही दिलेलं नाही. शपथेवर सांगतो."

शपथेवर सांगितलेल्या गोष्टी प्रमिलाबाई नेहमी मोजून घेत.

सोमवारी त्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. केतकी झोपे अठ्ठावीस वर्षांची, चटपटीत, मनापासून शिकवणारी. शिकवता शिकवता मध्येच थबकायची, कान द्यायची आणि एकदम केळीच्या घडांचं उदाहरण घ्यायची, की मागच्या दोन रांगांचे चेहरे उजळत. आपल्याला हे जमायला दहा वर्षं लागली, प्रमिलाबाईंना वाटलं. थोडा हेवाही वाटला.

पण सवय जाते कुठे? त्यांनी पर्समधून पेन्सिल काढली आणि लाइटबिलाच्या पाठीवर वर्गाचा नकाशा काढून, केतकी ज्याला प्रश्न विचारेल त्याच्या जागी रेघ मारू लागल्या. एकोणीस प्रश्न झाले. मंगळवारी बावीस. बुधवारी पुन्हा एकोणीस. तीन दिवसांत साठ रेघा झाल्या. कोणाच्या वाट्याला दोन आल्या होत्या, कोणाच्या एक, काही सुटलेही होते. ते चालायचंच. पण सात जागा अशा होत्या की तिथे केतकीची नजर गेली की पाण्यावरून दगड घसरावा तशी पुढे सरकायची. त्यातल्या एका मुलीने बुधवारी हात वर केला. केतकी गोड हसली, म्हणाली, "राहू दे हं, ताण घेऊ नकोस," आणि शेजारच्या मुलीला विचारलं.

तास संपल्यावर प्रमिलाबाईंनी हजेरीची यादी मागून घेतली. सात नावं: पाडवी, वसावे, पावरा, तडवी, राठोड, पुन्हा वसावे. सगळी पाड्या-तांड्यांवरची. जात दिलेली नाही म्हणे! कोणी केलं हे? यंत्र विकणाऱ्या कंपनीने? या गोड हसणाऱ्या पोरीने? की नानकटाई देणाऱ्या तन्वीरने?

मग त्यांनी सातवं नाव वाचलं. चैतन्य जोशी. शहरातला, वकिलाचा मुलगा, बोलताना अडखळणारा.

या सातव्या नावापाशी त्यांचा संशयही अडखळला. सहा नावांवरून निष्कर्ष काढून सातवं फेकून द्यायचं, हे त्यांनी चौतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याला करू दिलं नव्हतं.

"केतकी, मागच्या बाकावरच्या त्या मुलीला तू विचारत का नाहीस? हात वर केला होता तिने."

"सुरमी पाडवी ना?" केतकीने दार लोटून घेतलं. "मॅडम, तिचा विषय जरा वेगळाच झालाय. 'सोबत' सांगते तिला प्रश्न नको. वर्षभरात वर्गात तोंड उघडलेलं नाही, सहभाग शून्य. आणि अंतर्गत परीक्षेत पन्नासपैकी अठ्ठेचाळीस! 'सोबत'ने लाल खूण केलीय, सहभाग आणि गुणांत विसंगती. कॉपीचा संशय. शुक्रवारी बारापर्यंत मला गैरप्रकार समितीकडे कागद पाठवायचाय."

"पाठवला तर?"

"वर्ष जातं. वसतिगृहाची खोलीही जाते."

"तुला काय वाटतं? केली असेल कॉपी?"

केतकी म्हणाली, "खरं सांगू? मी तिला कधी बोलताना ऐकलंच नाहीये. कसं सांगू?"

"मग कागद पाठवू नकोस."

"नाही पाठवला तर आपोआप जातो. लाल खूण काढायची तर वर्गातला सहभाग नोंदला जायला हवा. नुसतं मी म्हणून चालत नाही."

प्रमिलाबाईंनी मनात मांडून पाहिलं. सहभाग नाही म्हणून संशय, आणि सहभागासाठी जो प्रश्न विचारायचा तोच विचारायची मनाई. असा पेच माणसाने मुद्दाम रचला असता, तर त्याचा गळा तरी धरता आला असता.

सुरमी त्यांना गुरुवारी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर सापडली. बारीक, तरतरीत, ओढणीच्या टोकाशी पेन बांधलेलं. आधी तिला वाटलं या समितीच्याच बाई. उठून उभी राहिली.

"बस गं. मी कोणी नाही. जुनी मास्तरीण आहे."

"तुम्ही मागे बसून रेघा मारता ना? आम्हाला वाटलं तुम्ही झोपे मॅडमची तपासणी करताय."

"करतेच आहे. तू वर्गात बोलत का नाहीस?"

"विचारतच नाहीत, मॅडम." सुरमीचा आवाज खरंच कापत होता, पण शब्द सरळ येत होते. "पहिल्या महिन्यात वाटलं, राहिलं असेल. मग वाटलं, माझं काही चुकलं. दिवाळीनंतर हात वर करणंच सोडलं. काल केला, कारण शुक्रवारचं कळलं होतं. आणि कॉपीचं म्हणाल तर..." ती एकदम हसली. "माझ्या शेजारी दिव्या बसते. मॅडम तिला विचारतात आणि उत्तर मी तिच्या वहीच्या कोपऱ्यात लिहून देते. तिचा सहभाग ब्याण्णव टक्के आहे!"

प्रमिलाबाईंनाही हसू आलं, पण ते तोंडातच राहिलं. "घरी सांगितलंस?"

"काय सांगू? पाड्यावरून कॉलेजात आलेली मी पहिली. माझा बाप म्हणेल, तुला कोणी काही विचारत नाही म्हणजे तू बरीच असशील." ती पेनाशी खेळत राहिली. "तिथे कोणी विचारलं नाही तर चालतं हो, मॅडम. इथे आल्यावर वाटलं होतं, विचारतील."

प्रमिलाबाई तडक केंद्रात गेल्या. या वेळी त्यांनी चहाचा कप बाजूला सारला आणि लाइटबिल तन्वीरपुढे आपटलं.

"या साठ रेघा. ही सात रिकामी पोरं. कोणी ठरवलं?"

तन्वीरने कागद बराच वेळ पाहिला. "मॅडम, कोणी ठरवलेलं नसतं. 'सोबत'ला आपण नियम शिकवत नाही. जुन्या नोंदी देतो. कोणत्या मुलांशी शिक्षक कसे वागले आणि मुलं टिकली की गळाली, ते ती स्वतः पडताळते. ज्या वागण्याने मुलं टिकली, ते पुढच्या शिक्षकाला सुचवते. आणि गळती अकरा टक्क्यांनी उतरलीय, खोटं नाही."

"टिकली म्हणजे?"

"हजेरी राहिली. वर्ग सोडला नाही."

"शिकली का, ते?"

तन्वीरने नजर पुन्हा कागदावर नेली.

"आधार दाखव," प्रमिलाबाई म्हणाल्या. "कुठल्या नोंदींवरून म्हणतेय ती 'प्रश्न नको'?"

त्याने सुरमीचं नाव उघडलं, 'आधार' असं लिहिलेल्या जागी बोट टेकवलं. पडद्यावर जुनी पानं एकामागून एक येऊ लागली. पिवळी पडलेली, निळ्या शाईची. समासात 'आवाज कापतो'. 'घाबरते'. 'घामाघूम'. आणि प्रत्येक नावाशेजारी पेन्सिलीने काढलेला एक छोटा, नीटस गोल.

अक्षर त्यांचंच होतं.

प्रमिलाबाई खुर्चीत मागे टेकल्या. इतके दिवस ज्या चोराला त्या घरभर शोधत होत्या, त्याने त्यांचीच चप्पल घातलेली निघाली.

त्या गोलाचा इतिहास फक्त त्यांना ठाऊक होता. १९९४, नोकरीचं पहिलं वर्ष. दिलवर वसावे नावाचा मुलगा. त्यांनी भर वर्गात त्याला उभं केलं, साधा प्रश्न विचारला. तो उभा राहिला, ओठ हलले, आवाज फुटेना. पुढच्या रांगेतून कोणीतरी खिदळलं आणि मग सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी दिलवर आला नाही. परत कधीच आला नाही. प्रमिलाबाई त्या रात्री जेवल्या नव्हत्या. तेव्हापासून पहिल्या आठवड्यात ज्याचा आवाज कापेल, त्याच्या नावापुढे पेन्सिलीने गोल. गोल म्हणजे याला उभं करायचं नाही. याला सांभाळायचं. चौतीस वर्षांत एकही गोलवाला मुलगा त्यांच्या वर्गातून गळाला नव्हता. या गोष्टीचा त्यांना मनातून अभिमान होता. कोणाला सांगितला नव्हता एवढंच.

"किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"दोनशे तेरा."

"त्यांचे गुण?"

आकडे आले. सगळे पास. शंभरपैकी चाळीस, त्रेचाळीस, एक्केचाळीस. पुढे शिकलेले अवघे नऊ. प्रमिलाबाईंनी ते आकडे दोनदा वाचले. त्यांनी स्वतःच लिहिले होते, पण असे एका रांगेत कधी पाहिले नव्हते. मुलं घाबरून पळाली नाहीत, हे खरं होतं. ती तीन-तीन वर्षं मागच्या बाकावर सुखरूप बसून राहिली आणि कोणी हाक न मारता उठून गेली.

"तन्वीर, या खुणेचा अर्थ तू यंत्राला काय सांगितलास? मला विचारलं असतंस तर..."

तन्वीर खिडकीकडे गेला. पाठमोराच बोलला. "विचारायची गरज वाटली नाही. मी लिहिलं, गोल म्हणजे मॅडमची विशेष काळजी. २०२३ चा हजेरीपट स्कॅन करताना अडतीस नंबरला गोल दिसला. मला वाटलं, गोल म्हणजे लाडकी मुलं."

त्या वर्षीचा अडतीस नंबर कोण, हे विचारायची गरज प्रमिलाबाईंना वाटली नाही.



"तीन वर्षं मी रोज उत्तर तयार ठेवून यायचो," तन्वीर म्हणाला. रागाने नाही, जुन्या मित्राची चेष्टा करावी तसं. "तुम्ही सदतीसला विचारायच्या, मग एकोणचाळीसला. सदतीसला येत नसेल तर मला वाटायचं, आता माझा नंबर."

"पहिल्याच दिवशी तुझा आवाज फार कापला होता रे. हजेरीला."

"मॅडम, मला सर्दी झाली होती."

प्रमिलाबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "यातून माझे हजेरीपट काढून टाक."

"निघत नाहीत. आमटीत विरघळलेलं मीठ आहे ते. नव्या नोंदी घालत गेलो तर हळूहळू चव बदलेल."

"नव्या नोंदी म्हणजे?"

"गोल असलेल्या मुलाला कोणीतरी प्रश्न विचारायचा. आणि पुढे काय झालं, ते तिला पाहू द्यायचं."

"पुढे काय होईल ते कोणाला ठाऊक आहे?"

"कोणालाच नाही. तिला तर नाहीच. असा एकही प्रसंग तिच्याकडे नाही. तुम्ही दिलेलाच नाही."

दिलवर वसावे तिच्याकडे नव्हता. पहिल्या वर्षी प्रमिलाबाई नुसतीच हजेरी मांडत. रेघा, समास, गोल, सगळं त्याच्या नंतरचं. त्याचं ओझं यंत्रात नव्हतं. ते फक्त प्रमिलाबाईंजवळ होतं.

शुक्रवारी सकाळी दहाचा तास केतकीने त्यांना दिला. प्रमिलाबाईंनी कानात यंत्र घातलं. पायऱ्या चढताना सुरमीला सांगून ठेवावं, प्रश्न आधीच देऊन टाकावा, असं दोनदा मनात आलं होतं. दोन्हीदा त्यांनी तो विचार परतवला. तेही सांभाळणंच झालं असतं. तरी भीती गेली नव्हती. मुलगी उभी राहिली आणि आवाज फुटला नाही तर? मग वर्ष गेलंच, शिवाय ते हसणं तिच्याबरोबर घरी जाणार. सत्तेचाळीस वर्षं झाली, ते खिदळणं अजून त्यांच्या कानात होतं, घातलेल्या यंत्रापेक्षाही आत.

त्यांनी फळ्यावर लिहिलं नाही, सरळ बोलल्या. "एका डोंगराळ तालुक्यात किती लोक आजारी आहेत, ते मोजायला सरकारने माणसं पाठवली. ती दवाखान्यात जाऊन बसली. येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, आजारी आहेस का, आणि त्यावरून सगळ्या तालुक्याचं प्रमाण काढलं. तो आकडा कसा असेल? सुरमी पाडवी, तू सांग."

कानात मऊ आवाज आला. प्रश्न नको. विद्यार्थिनीवर ताण. दुसरा विद्यार्थी सुचवू का?

सगळ्या वर्गाने मागे वळून पाहिलं. दिव्याचं पेन हातातच राहिलं. सुरमी उठली. बाकाची कड तिने घट्ट धरली.

नाडी एकशे अठरा. प्रश्न मागे घ्या.

प्रमिलाबाई थांबल्या. प्रश्न विचारल्यावर त्या आयुष्यात इतका वेळ कधी थांबल्या नव्हत्या. चार सेकंद, सहा, नऊ. पुढच्या रांगेत कोणीतरी घसा खाकरला. त्यांनी तिकडे असं पाहिलं की ते खाकरणं अर्ध्यात विरलं.

नाडी एकशे सव्वीस.

त्यांनी कानातलं यंत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"जा... जास्त येईल," सुरमी म्हणाली. आवाज चिरकला. "आकडा खऱ्यापेक्षा जास्त येईल. दवाखान्यात आजारीच लोक येतात."

"बरं," प्रमिलाबाई म्हणाल्या. अर्धं उत्तर होतं. सुटका करायची असती तर इथेच 'शाब्बास, बस' म्हणता आलं असतं, आणि ते शब्द जिभेवर आलेही होते. त्यांनी ते गिळले. "झालं?"

सुरमी बसली नाही. कपाळाला आठी घालून उभी राहिली.

"थांबा, मॅडम. चुकलं. परत सांगते." तिने बाकाची कड सोडली. "आमच्या पाड्यावरून दवाखान्यात जायला झोळी करावी लागते, चार माणसं लागतात. जो फार आजारी आहे, तो पोचतच नाही. म्हणजे जो आकडा जास्त वाटतो, त्यातही सगळ्यांत आजारी माणसं नाहीतच. मग जास्त म्हणायचं की कमी, ते नुसतं दवाखान्यात बसून सांगताच येणार नाही. फळ्यावर करून दाखवू?"

"दाखव की. मी कधीची थांबलेय."

ती फळ्यापर्यंत चालत गेली. वर्ग हसला नाही. दिव्याने मात्र मोठ्याने विचारलं, "सुरमे, आता माझं उत्तर कोण देणार गं?" आणि मग सगळे हसले, सुरमीसकट.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी केतकीने तिचं पान उघडलं. लाल खूण गेली होती. विसंगतीच्या जागी आडवी रेघ होती. खाली एकच आकडा बदलला होता. सहभाग: शून्य खोडून एक.

"मॅडम, टक्क्यांच्या रकान्यात काहीच येत नाहीये," केतकी म्हणाली. "किती टक्के वाढ झाली, ते दाखवत नाही. बिघडलंय बहुतेक."

"बिघडलं नाही. शून्यावरून एक झालं की किती टक्के वाढ, ते सांगता येत नाही. संख्याशास्त्रात त्याला उत्तरच नाही."

दारात तन्वीर उभा होता, समारंभाला न्यायला आलेला. प्रमिलाबाईंनी पर्समधून पेन्सिल काढली, पण गोल काढला नाही. त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "नंबर अडतीस. आत ये. तुझा प्रश्न राहिलाय."